अल्पाकाला आग्रह करू नये

प्राणिमात्रांवर प्रेम करणं हा आमच्या घरातला तीन पिढ्यांचा संस्कार आहे. या तीन पिढ्यांत कुणीही प्राणी पाळला नाही, म्हणून तो टिकला. चौथ्या पिढीने, म्हणजे माझ्या मुलीने, नगर कौन्सिलमधली बरी नोकरी सोडून इंग्लंडमधल्या लेस्टरपासून पाऊण तासावरच्या एका गावाबाहेर घरासकट शेत भाड्याने घेतलं आणि सात अल्पाका आणले, तेव्हा मी फोनवर आधी आकडा पुन्हा विचारून घेतला. अल्पाका म्हणजे उंटाच्या कुळातला, लांब मानेचा, लोकर देणारा प्राणी. डोकं माझ्या खांद्याच्या आसपास येतं. शनिवार-रविवारी लोक मुद्दाम येऊन त्यांना दोरीने धरून फिरवतात आणि शांत होऊन घरी जातात. दोन वर्षं मी त्यांना कुंपणाबाहेरून पाहत होते आणि तेवढी जवळीक मला पुरेशी वाटत होती.

मग मुलीच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉईडवर, डाव्या बाजूला. सर्जन म्हणाले, बहुतेक साधी असेल, पण काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मी सगळी नोकरी ग्रंथालयात केली. 'पुस्तक बहुतेक पुढच्या आठवड्यात येईल' असं मी लोकांना रोज सांगत असे, त्यामुळे 'बहुतेक'मध्ये किती जीव असतो हे मला माहीत आहे. ऑपरेशनची पहिली तारीख मुलीनेच पुढे ढकलली. कारण विचारलं तर म्हणाली, म्हातारीचा डोळा.

म्हातारी म्हणजे कळपातली सगळ्यांत जुनी, राखाडी मादी. तिच्या उजव्या डोळ्यात सकाळ-संध्याकाळ मलम घालावं लागे. एक दिवस चुकला तरी डोळा चिकटे, दोन दिवस चुकला की त्यातून पू येई. ऑपरेशननंतर काही आठवडे मुलीला काही ओढायची-उचलायची परवानगी नव्हती. शेजारचा शेतकरी गवत-पाणी बघायला तयार होता, पण मलमाचं नाव काढल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की तो मेंढ्यांचा माणूस आहे आणि त्याच्या पद्धतीने धरलं तर ही बाई परत कुणाच्या हाताला लागणार नाही. हॉस्पिटलने दुसरी तारीख दिली, तीन आठवड्यांनंतरची. मी म्हटलं, मी येऊन राहते आणि घालते मलम. मुलीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझं नाव एका कोर्समध्ये घातलं.

हा कोर्स दुसऱ्या एका गावाच्या हॉलमध्ये होता. अल्पाका आणि त्यांचे थोराड भाऊबंद लामा यांच्याशी आदराने, हळुवारपणे कसं वागावं याचा. वर्तुळात खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड, त्यावर संमती, सहवास आणि श्रवण असे शब्द. शिकवणाऱ्या बाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी आम्हाला डोळे मिटून आपण शिकार होणारा प्राणी आहोत अशी कल्पना करायला सांगितलं. दोन दिवसांपूर्वीच मी मुलीबरोबर सर्जनच्या खोलीत बसून आले होते, त्यामुळे मला फार कल्पना करावी लागली नाही. मग प्रत्येकाने आपला हेतू मोठ्याने सांगायचा होता. एक गृहस्थ स्वतःचा शोध घ्यायला आले होते, एक बाई क्षमा शिकायला. मी सांगितलं, डोळ्यात मलम घालायचं आहे. बाईंनी तेही फळ्यावर लिहिलं, क्षमेच्या खाली.

जेवणानंतर आम्ही शेतात गेलो आणि तिथे बाईंनी बोलणं जवळजवळ बंद केलं, तेव्हा मात्र त्या फार चांगल्या शिक्षिका निघाल्या. आमच्या जेवणाच्या खोलीएवढ्या एका कुंपणात एक अनोळखी लामा होता. त्या त्याच्या समोर गेल्या नाहीत. खांद्याच्या जरा मागे उभ्या राहिल्या, नजर जमिनीकडे. हात मानेच्या मुळाशी ठेवला, आणि त्याने हलायच्या आधी स्वतःच काढून घेतला. असं पाच-सहा वेळा. डोक्याला हात लावला नाही. मग चेहऱ्यावर पट्टा चढवला आणि तो डोळ्यांच्या अगदी जवळ बसलाय ना ते दोन बोटं घालून पाहिलं. या प्राण्याच्या नाकाचा पुढचा भाग नुसता मऊ कूर्चेचा असतो, पट्टा खाली घसरला तर श्वास कोंडतो. 'श्वास कोंडतो' हे शब्द ऐकल्यावर मी पहिल्यांदा वही उघडली.

सगळ्या वेळात लामाच्या पुढची वाट त्यांनी मोकळी ठेवली होती. मी विचारलं, वाट मोकळी ठेवली तर तो निघून नाही का जाणार?

"जाईल की," त्या म्हणाल्या. "मग पुन्हा विचारायचं."

"आणि पुन्हा गेला तर?"

"तर त्याने तुम्हाला दोनदा उत्तर दिलं."

हे मी वहीत उतरवून घेतलं, पण ते मला पटलं नाही. मी ज्या घरात वाढले तिथे 'नको' हे उत्तर नव्हतं, ती सुरुवात होती. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला की बोटांच्या फटीतून वाढायचं, ही आमची रीत. माझ्या आईने एकदा नव्या जावयाच्या मनगटावर जिलबी ठेवली होती आणि त्याने ती खाल्ली होती. याला आम्ही आग्रह म्हणतो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर चालेल असा प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला असेन असं वाटत नाही.

पहिला आठवडा मुलगी शेजारी उभी असे. मलम तीच घाले. मी ट्यूब धरून ठेवायची आणि "आई, तिला कॉर्नर नको करू, स्पेस दे" हे दिवसातून अनेकदा ऐकायचं. दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी तिला ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी जावं लागलं आणि संध्याकाळी मी एकटी राहिले. पाऊस पडत होता. मला सारखं वाटत होतं की तपासणीत काहीतरी नवीन निघालं असणार, म्हणून तिचा फोन येत नाही. मनात हे घेऊन मी म्हातारीमागोमाग मलमासाठीच्या लहान कुंपणात शिरले आणि माझ्या पाठीमागे फाटक लावून घेतलं.

म्हातारी मान ताठ करून, नजर दुसरीकडे नेऊन कोपऱ्याकडे सरकली. मीही सरकले. मग मी तिच्या मानेला डाव्या हाताने मिठी मारली, जसं आपण न जेवणाऱ्या मुलाला धरतो तसं, आणि म्हटलं, घे गं बाई, एवढंच, माझ्यासाठी. ती गुडघे मुडपून मटकन खाली बसली. पोटातून एक लांब कण्हणं आलं, आणि त्यामागोमाग हिरवी, आंबूस थुंकी माझ्या चष्म्यावर. मलम तिच्या कानाला लागलं. ट्यूब चिखलात गेली.

तपासणीत काही नवीन निघालं नव्हतं, फोनची बॅटरी संपली होती. पण दुसऱ्या दिवशी म्हातारी कुंपणाजवळ फिरकली नाही. मुलीने हाक मारली तरी नाही. त्याच्या पुढच्या दिवशी ती आली, पण दारातूनच परत गेली, आणि तोवर तिच्या डोळ्यातून पू वाहायला लागला होता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलगी म्हणाली, "मी माझी ऑपरेशन पुढे ढकलते."

तिचा जन्म इथला, मराठीतली लिंगं तिला कधीच वश झाली नाहीत. ऑपरेशन नपुंसकलिंगी आहे हे सांगायची ही वेळ नव्हती. मी सांगितलं. आणि मग थांबलेच नाही. आधी सर्जनचं 'बहुतेक', मग कोण कुणाच्या ओळखीतलं उशीर करून कसं गेलं, मग तिचे वडील असते तर काय म्हणाले असते. म्हातारीचं वयही काढलं. एवढंच माझ्यासाठी कर, असं म्हटलं. मुलगी भिंत आणि टेबल यांच्यामधल्या बाकावर बसली होती आणि बाहेर पडायची जी एकच वाट होती तिच्यात मी पोळ्यांचा डबा घेऊन उभी होते. तिने मान ताठ वर केली आणि नजर माझ्यावरून काढून खिडकीबाहेर नेली. ही मान मी गुरुवारी पाहिली होती, पावसात.

मी डबा ओट्यावर ठेवला, बाजूला झाले आणि दूरच्या खुर्चीवर बसले. हात मी मांडीखाली घेतले.

"तू ठरव," मी म्हटलं. "मलम जमवायला मला फक्त शुक्रवारपर्यंत दे."

ती चहाचा कप घेऊन बाहेर गेली. हो म्हणाली नाही. तिच्या मागे जाऊन आणखी एकदा विचारावं असं मला इतकं वाटलं की मी भांडी घासायला घेतली. ती आधीच घासलेली होती.

पुढचे पाच दिवस मलम मुलीने घातलं, एकेका वेळेला तासतास लावून. तिचं झालं की मी कुंपणाजवळ जाई, फाटक उघडं ठेवून. पहिल्या दिवशी फक्त उभी राहिले. म्हातारी गेली, मी थांबले. दुसऱ्या दिवशी तिच्या खांद्यामागे पोचले आणि तिने पाय उचलायच्या आत मीच मागे फिरले. हे मला सगळ्यांत अवघड गेलं. कुणी उठायच्या आधी आपण उठणं हे आमच्याकडे रागाचं लक्षण समजतात. तिसऱ्या दिवशी हात मानेच्या मुळाशी टेकवला आणि काढला. ट्यूब कोटाच्या खिशात ठेवून गरम करायला शिकले. रात्री झोप लागत नसे. म्हातारी किती वेळ थांबली ते आठवत बसे, आणि ते आठवताना गाठीचा विचार येत नसे, एवढाच त्याचा उपयोग. तो विचार आला की मात्र पहाटेपर्यंत राही.

शुक्रवारी सकाळी ती तीनदा निघून गेली. चौथ्यांदा थांबली. मी उजव्या बाजूने, नजर खाली ठेवून, पापणी बोटाने ओढून, मलमाची एक रेघ डोळ्यात सोडली आणि बाजूला झाले. ती जागची हलली नाही. मुलगी फाटकापाशी उभी होती. ती आत गेली. दिवसभर मी कान देऊन होते, पण तिने हॉस्पिटलला फोन केला नाही. मला उत्तर मिळालं ते तेच.

ऑपरेशनच्या दिवशी उजाडायच्या आधी तिची मैत्रीण गाडी घेऊन आली. मी बरोबर जाऊ शकत नव्हते, कारण मला म्हातारीचं मलम होतं. मुलगी बॅग उचलून म्हणाली, "आई, जाते."

आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. मी तिला लहानपणी हे शेकडो वेळा सांगितलं असेल. माझा शुभ-अशुभावर विश्वास नाही, पण 'येते म्हण' हे शब्द आपोआप वर आले. मी तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी गेली.

त्या सकाळी म्हातारीने मला पाच वेळा नाही म्हटलं. खिशातल्या फोनकडे माझं लक्ष होतं आणि ते तिला कळत असणार. प्रत्येक वेळी मी फाटकाबाहेर गेले, कुंपणाला धरून श्वास मोजला आणि परत आले. सहाव्या वेळी मलम गेलं. मग दुपारी दोनपर्यंत मी त्या शेतात वाळलेलं गवत या टोपलीतून त्या टोपलीत घातलं आणि परत या टोपलीत घातलं. दोन वाजून गेल्यावर वॉर्डमधून फोन आला की ती जागी झाली आहे. अशा ऑपरेशनात आवाजाला धोका असतो, म्हणून तो विचारला, तर नर्स म्हणाली, घोगरा आहे, पण आहे.

गाठीच्या अहवालाला बारा दिवस लागले. साधी निघाली. फोन मुलीने घेतला, मला नुसती मान हलवून सांगितलं, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

त्या संध्याकाळी ती गळ्याला स्कार्फ गुंडाळून पहिल्यांदा शेतात खुर्ची टाकून बसली. मी मलम घालायला निघाले. आता मला सगळं नीट जमत होतं, थोडं जास्तच नीट. लांबून वळसा घालून, खांद्यामागून, चेहरा दुसरीकडे वळवून, एकदाही म्हातारीच्या डोळ्याकडे सरळ न पाहता मी तिच्या उजव्या बाजूला पोचले, मलम घातलं आणि मान किंचित लववून मागे झाले. मुलीने घोगऱ्या आवाजात विचारलं, हे तोंड फिरवून काय चाललंय. मी सांगितलं की नजर रोखली की प्राणी दबतो, त्याच्या दृष्टीचा मान ठेवावा लागतो. आम्हा दोघींमध्ये जो विश्वास तयार झाला आहे त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे असं माझं मत आहे, हेही सांगितलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. मग म्हणाली, तिला वाटलं होतं तिने मला सांगितलंय. म्हातारीला त्या डोळ्याने, आणली तेव्हापासूनच, काही दिसत नाही.