दहा मिनिटे पुढे

"तुझे दाजी गेले, अण्णा," यमूने सकाळी फोनवर सांगितले. आवाज स्थिर होता. मग ती हळूच म्हणाली, "शैलाला कळवलंय. ती येतीया…" माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या मृत्यूपेक्षा लेकीच्या येण्याची बातमी अधिक जपून सांगत होती, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. सुभेदार किसनराव यांना जाऊन आता दीड महिना झाला. त्यांच्याविषयी मी लिहावे, असा त्यांच्या माजी सैनिक मित्रांचा आग्रह आहे. लिहितो. मात्र ते मला कधीच आवडले नाहीत, आणि मृत्यूने त्यात फरक पडलेला नाही.

त्यांची नोकरी निष्कलंक होती, हे मान्य केले पाहिजे. बर्फात डाव्या पायाची दोन बोटे गेली. त्याचा उच्चार त्यांनी कधी केला नाही. परंतु सीमा सोडून आलेल्या या माणसाने घराचीच चौकी केली. निवृत्तीनंतर चाकणच्या एका कंपनीत ते सुरक्षा अधिकारी होते. पहिल्या शिफ्टला जरा उशीर झालेला कामगार भिजून आलेला असो की तापाने फणफणलेला, फाटकावरून परत जाई. देहूजवळच्या त्यांच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ कायम दहा मिनिटे पुढे असे. "आमच्यात वेळेवर येणारा उशिराच आलेला असतो, पाहुणं," असे ते दर भाऊबीजेला, मी वहाणा काढत असतानाच ऐकवीत. एकदा न राहवून मी म्हणालो, "दाजी, ही बराक नाही." त्यावर त्यांचे उत्तर, "म्हणूनच एवढी ढिलाई हाय!"

शैला त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नात चाकणकडची वरात कार्यालयाच्या दाराशी डीजेपुढे नाचत राहिली आणि आत मुहूर्त येऊन ठेपला. सुभेदारांनी भटजींना फर्मावले, "सुरू करा." भटजी गोंधळले. "अहो, पण नवरदेव?" "येईल. मुहूर्त थांबत न्हाई." दोघांनी अंतरपाट धरला. अलीकडे हार घेऊन शैला, तिच्यामागे मामा म्हणून मी. पलीकडे रिकामा पाट. पहिले मंगलाष्टक त्या रिकाम्या पाटासमोर झाले, त्यावर अक्षताही पडल्या. ते मी विसरलेलो नाही. नवरदेव धावत आला, लग्न लागले, पण व्याह्यांनी भर मांडवात बजावले, "सुभेदार, माफी मागा. न्हाईतर पोरगी पुन्हा तुमची पायरी चढायची न्हाई." सुभेदार म्हणाले, "उशीर तुमचा. माफी कसली?" एका शब्दाचा प्रश्न होता… तो शब्द त्यांनी अकरा वर्षे काढला नाही. मायलेकी माझ्या तळेगावच्या घरी चोरासारख्या भेटत. यमू तिथेही एक डोळा घड्याळावर ठेवूनच लेकीशी बोले.

सुभेदार गेले त्या दिवशी, मयताला अडवू नये म्हणून, व्याह्यांनी शैलाला सोडले. इकडे माजी सैनिकांनी तिरडी बांधली, निघण्याची वेळ ठरवली. शैलाची गाडी चाकण–तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकली होती. सुभेदारांच्या पलटणीतले एक जुने हवालदार यमूपुढे येऊन म्हणाले, "वहिनी, साहेबांचा शब्द हाय. माझ्या वेळेला कुणासाठी थांबायचं न्हाई." मी तोंड उघडणार, तोच यमू उठली. संसारात जिने एकदाही आवाज चढवला नव्हता, ती अंगणाच्या फाटकात जाऊन आडवी बसली. "त्यांचा शब्द लई वर्षं ऐकला. माझी लेक येईस्तोवर कुणी हलायचं न्हाई." कोणी हलले नाही, हुकूम पाळण्यातच त्या सर्वांचे आयुष्य गेले होते. ऊन डोक्यावर आले… सुभेदार आयुष्यात प्रथमच कोणासाठी तरी थांबले. अर्थात, त्यांना विचारले नव्हते.

शैला आली, बापाचा चेहरा तिने पाहिला. मग सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत विचारले, "लई उशीर झाला का गं, आई?"

"न्हाई," यमू म्हणाली.

आता शैला अधूनमधून रविवारी माहेरी येते. गेल्या रविवारी मीही तिथे होतो. ते घड्याळ अजून तसेच आहे. एकदाची ही बळजबरी संपवावी म्हणून मी स्टूल ओढले, वर चढून काट्याला हात घातला. यमू स्वयंपाकघरातून लगबगीने आली.

"राहू दे, अण्णा."

"का? अजून त्यांचाच हुकूम?"

"तसं न्हाई रे…" तिने आवाज खाली आणला. "शैला घड्याळ बघून उठती ना, तवा मी म्हणते, अगं बस, ते पुढं हाय. मग ती आणखी दहा मिनिटं बसती."

मी स्टुलावरून उतरलो. त्या माणसाकडून माझ्या बहिणीला मिळाले ते एवढेच.