गुलाब चार दिवस घेतो

आमच्या बंगळूरच्या बनशंकरीत कवितेतल्या फुलांना वरच्या मजल्यावरच्या अक्कांची जेवढी भीती होती, तेवढी उन्हाचीसुद्धा नसेल. अक्का मूळच्या निपाणीकडच्या, इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. दर महिन्याला आम्ही दहाबारा मराठी माणसं कुणाच्या तरी हॉलमध्ये बसून एकमेकांच्या कविता सहन करायचो. अक्का स्वतः एक ओळ लिहीत नसत. पण पहिल्या खुर्चीत बसत आणि कवितेत पाकळी आली की हात वर करत. एका नव्या कवीनं तारुण्याला दुपारच्या प्राजक्ताची उपमा दिली, तर म्हणाल्या, "दुपारी? तोवर तो झाडूखाली गेलेला असतो की रे!" पुढच्या वेळी त्यानं ट्रॅफिकवर कविता आणली. माझ्या एका सुनीतात त्यांनी सात चुका काढल्या. त्यातली एक चंद्राची, म्हणजे त्यांच्या विषयाबाहेरची होती.

एकदा मात्र आम्ही सगळेच गारठलो. बायको नुकतीच गेलेले एक निवृत्त इंजिनिअर वाचत होते, 'एका रात्रीत गळून गेला गुलाब.' रुमाल बाहेर निघाले, आणि हात वर.

"एका रात्रीत नाही. गुलाब चार दिवस घेतो."

मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. त्या गृहस्थांनी ती ओळ मनाशी पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाले, "तिनंही चारच घेतले. आयसीयूत." खिशातून पेन काढून त्यांनी ओळ बदलली. त्या दिवशी अक्का चहा न घेताच घरी गेल्या.

पुढे त्यांच्या डोळ्यांचा पडदा झिजत गेला. कडेचं दिसायचं, मधलं पुसलेलं. फुलाकडे बघावं तर फूलच नाहीसं, भोवतीची पानं तेवढी शिल्लक. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. अक्का कानडीत एवढंच म्हणाल्या, "सरी." म्हणजे, बरं.

या जानेवारीत मी त्यांना लालबागेत नेलं. चाचपून, हुंगून त्यांनी फुलांची नावं बिनचूक सांगितली. परतताना रिक्षात एकदम विचारलं, "मी कशी दिसते रे आता? आरशात बघितलं की नुसते कान दिसतात."

आयुष्यभर उपमा जोडल्या, पण तेव्हा एकही सुचली नाही.

"केस सगळे पांढरे झालेत अक्का. गाल बसलेत. हनुवटीखालची कातडी लोंबतेय."

मी सांगेन तिथे तिथे त्या बोट टेकवून बघत होत्या.

"आणि डोळ्यांखाली?"

"काळं."

"म्हणजे आईसारखी," त्या म्हणाल्या. घर येईपर्यंत त्यांनी गालावरचा हात काढला नाही.