दोघींच्या सह्या

"आर्मबँड काढ आणि टेबलावर ठेव," मॅनेजर साहेब म्हणाले.

आर्मबँड म्हणजे कॅप्टनच्या दंडावरची पट्टी. प्रॅक्टिसमधून थेट ऑफिसात बोलावलं होतं, म्हणून ती अजून दंडावरच होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतजवळच्या हजीऱ्यातल्या एका कारखान्याने मुलींची फुटबॉल टीम ठेवली होती. सकाळी डिस्पॅचमध्ये बाहेर जाणाऱ्या मालाची चलनं लिहायची, दुपारनंतर खेळायचं. मी स्टॉपर. गोलकीपरच्या पुढे उभं राहून समोरच्यांना अडवायचं, एवढंच ते काम. माझ्या मागे गोलमध्ये इला असायची.

साहेबांनी एक पत्र पुढे सरकवलं. टीममधल्या एका मुलीच्या वडिलांचं होतं. कॅप्टन आणि गोलकीपर एका खोलीत राहतात, त्या नुसत्या मैत्रिणी नाहीत, अशी तक्रार.

"हे खोटं आहे असं लिहून दे. खोल्या वेगळ्या करा. पट्टी परत घेऊन जा, विषय संपला."

माणूस वाईट नव्हता. आपण हिला वाचवतोय, असं त्याला खरंच वाटत होतं.

"उद्या लिहून देते," मी म्हटलं.

इला खोलीवर ग्लोव्ह्ज धूत होती. मी सगळं सांगितलं. तिने ग्लोव्ह्ज पिळून दोरीवर टाकले. मग तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली, "वंदना, खोली वेगळी केली तर तुझ्या गुडघ्याला तेल कोण लावणार?" आम्ही हसलो. हसता हसता ती रडली. "तू जे लिहिशील, त्याच्यावर मीपण सही करते," म्हणाली.

आम्ही खरं लिहिलं तर नोकरी जाणार, हे उघड होतं. ते आईला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. तशीच बमरोलीला आईच्या घरी गेले. आई साड्यांचे धागे कापत बसली होती.

"आई, इला आणि मी..." पुढचे शब्द मला सुचेनात. त्या गोष्टीला आमच्या घरात शब्दच नव्हता.

आईची कात्री थांबली नाही. आमच्या खानदेशी अहिराणीत म्हणाली, "मी आंधयी शे का? माले दिखस नही का?"

मी खाली पडलेले धागे गोळा करू लागले.

"ती पोर तुले जपस ना?"

"हो."

"मंग खोटं कसाले लिखस?"

निघताना तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या. इलाचा डबा वेगळा होता, मिरचीचा ठेचा न घातलेला. इलाला तिखट सोसत नाही, हे तिने केव्हा हेरलं होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं. आम्ही एका खोलीत राहतो, पुढेही राहू. पत्रात लिहिलंय ते खरं आहे. खेळाबद्दल तक्रार असेल तर कळवावी. खाली दोघींच्या सह्या.

साहेबांनी दोनदा वाचलं. "अरे बेन, आ शुं लख्युं, काय लिहिलंस हे? हे मला फाइलला लावावं लागेल."

"लावा, साहेब."

कॅप्टनशिप गेली. सीझन मात्र आम्ही पूर्ण खेळलो. काही मुलींनी आमच्या शेजारी कपडे बदलणं सोडलं. बॉल मात्र माझ्याकडे देत राहिल्या. सीझन संपल्यावर दोघींचंही कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही.

मग एका रविवारी आमच्या नव्या भाड्याच्या खोलीच्या दारात एक बाई उभी. रुमाल पिळत होती.

"मी कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट आहे," ती म्हणाली. "तुमचं पत्र मीच फाइलला लावलं. अधूनमधून काढून वाचते. मला वाटायचं, अख्ख्या सुरतेत मी एकटीच अशी आहे."

"आत ये," इला म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

पुढच्या रविवारी ती आणखी एकीला घेऊन आली. त्या रविवारांची पुढे आमच्यासारख्या बायकांची संस्था झाली. मी पोरींना फुटबॉल शिकवत राहिले आणि उरलेल्या वेळात स्टेजवर उभी राहून, जे आईसमोर सांगता आलं नव्हतं, ते माइकवर सांगू लागले.

तक्रार लेखी आली तर उत्तरही लेखीच द्यावं. फाइल कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही.