हवा धरती का हात

मी मालधक्क्यावर पॉइंट्समन होतो. इंजिन निघून गेलं की मालगाडीच्या वाघिणी जागच्या जागी धरून ठेवायच्या, हे माझं काम. हँडब्रेकचं चाक आवळायचं, गाडीच्या चाकांखाली लाकडी गुटके ठोकायचे, साखळी बांधून कुलूप घालायचं. शाळा चौथीत सुटली, पण माझी वाघीण कधी वीतभर सरकली न्हाई. हे मी कुणालाही सांगतो, विचारलं नसलं तरी.

आता नातीला तीच नोकरी लागली. तिच्या आईनं सांगून टाकलं, "मामंजी व्हय म्हणले तरच जायचं."

मी न्हाई म्हटलं. ते चाक आवळायला मनगट लागतं.

नात भांडली न्हाई. कॉम्प्युटरवर ती रेल्वे चालवायचा खेळ खेळते, तो तिनं माझ्यापुढं मांडला. "आज्जा, ह्या वाघिणी उभ्या करून दावा. मग मी गप बसतो."

"बटणं दाबून गाडी थांबती व्हय? खुळी का काय!"

म्हटलं खरं, पण बसलो. आमच्या धक्क्यावर रूळ सपाट. तिथं लावायचो तेवढेच हँडब्रेक लावले आणि ऐटीत इंजिन काढून नेलं. वाघिणी उभ्या राहिल्या. सून चहा टाकायला गेली, तेवढ्यात ब्रेकच्या नळ्यांतली, गाडी धरून ठेवणारी हवा गळाली आणि सगळी रांग खाली सुटली.

"खेळ खोटा हाय," मी म्हणालो.

"घाटातलं स्टेशन हाय, आज्जा. उतार बघितलासा?"

मग ती बसली. आधी रुळाकडंची उताराची पाटी बघितली. खालच्या अंगापासून एकेक हँडब्रेक आवळत वर आली. इंजिन सोडायच्या आधी तिनं हवेचे सगळे ब्रेक मुद्दाम ढिले केले आणि हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली.

"हे कशाला?"

"हवा धरती का आपला हात, ते कळाय नको?"

गाडी हलली न्हाई. तरी पोरगी आणखी थांबली. मग गुटके लावले, मग इंजिन सोडलं. घाई म्हणून न्हाई. आमच्यातल्या जुन्या माणसांची अशी सबुरी मी बघितलेली, पण ती तर अजून यार्डात पाय ठेवायची होती.

"हे मला ठाऊक होतं," मी ऐकवलं. "सपाटीवर गरज पडत नव्हती."

"व्हय की," ती हसली.

"आणि मनगट?"

"तुम्ही तरी कुठं पैलवान होतासा? चाकाला लोंबकळूनच आवळत होता न्हवं?"

ते खरं होतं.

मी सुनेला हाक मारली. "तिचा डबा जरा मोठा भर. धक्क्यावर भूक लागती."