पंख्याखालची उंची

माळ्यावर नवा पंखा लावायचा ठरला तेव्हा माझ्या मुलाने माप घेतलं ते स्वतःच्या डोक्याचं. माळ्याच्या मधोमध उभा राहिला, डोक्यावर तळहात आडवा ठेवला, त्याच्या वर दुसऱ्या हाताची वीत धरली आणि म्हणाला, "भरपूर जागा आहे." मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बघत होते. चिरंजीव उंचीने त्यांच्या वडिलांवर गेले आहेत. म्हणजे वरच्या फळीवरचा डबा काढायला या वयातही मलाच हाक मारतात. त्या वितीकडे बघून मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि हे मी त्या रागातच लिहिते आहे.

आमचं घर जुईनगरला. बैठं घर, एकच उंच खोली. ह्यांनी मार्केटात पाठीवर गोणी वाहून घेतलेलं. आमचं लग्न ठरलं तशी जागा पुरेना, म्हणून त्या खोलीला मध्येच लाकडी माळा टाकला. पुढे मुलाने लाकूड काढून स्लॅब घातला, वरचं छप्पर पक्कं केलं. आता आमच्याकडे दोन मजले आहेत आणि दोन्ही बुटके. माळ्यावर मी हात उभा केला तर बोटं वरच्या स्लॅबला टेकतात. तो माळा आता नातवाला आणि त्याच्या बायकोला द्यायचा आहे. लग्न ठरलंय.

मुलगी ऐरोलीला नोकरी करते. चांगली उंच आहे, आमच्या नातवाहून चार बोटं वरच. आम्ही बघायला गेलो तेव्हा तिने अगदी सपाट चपला घातल्या होत्या, आणि खुर्चीतून उठताना खांदे आत ओढून घेतले. माझ्या सुनेला ते फार आवडलं. परत येताना रिक्षात म्हणाली, "किती नम्र आहे ना, आई?"

ते खांदे मी ओळखले होते. त्यात नम्र-बिम्र काही नसतं.

मी साताऱ्याकडून लग्न होऊन आले तेव्हा ह्यांच्यापेक्षा उंच होते. लग्नात फोटोवाला सारखा सांगत होता, "नवरीबाई, जरा गुडघ्यात वाका." वाकले. तशीच वाकून या घरात आले. माळा नुकताच झाला होता आणि त्याच्या खालच्या फळ्यांना नवाकोरा पंखा टांगलेला. दुकानदाराने जेवढा दांडा दिला तेवढा तसाच लावलेला, कापायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पातं बरोबर माझ्या कपाळाशी. ह्यांच्या डोक्यावरून मात्र वारा कसा मजेत जायचा.

म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून त्या खोलीत वावरायची. गावाहून आलेल्या एका आत्याबाईंनी ते पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "पोरगी लई वळणाची हाय गं. मान म्हनून वर करत न्हाय."

झालं. ते माझ्या कानावर पडलं आणि ती येडी पोरगी, म्हणजे मी, अशी काही फुगली की विचारू नका. पंखा नव्हता तिथेही वाकायला लागली. मोरीत वाकली, गल्लीत वाकली, भाजीवाल्यासमोर वाकली. दारासमोर पापड वाळत घालताना मोकळ्या आभाळाखालीसुद्धा मान खाली! आभाळाला काय पाती होती? पण कौतुकाची चटक लागली होती बाईला.

आणि केस. केस बांधायचे म्हणजे दोन्ही हात डोक्याच्या वर जाणार. म्हणून मी कोपऱ्यात उकिडवी बसून आंबाडा घालायची. एकदा हळदीकुंकवाच्या गडबडीत विसरले आणि उभ्या उभ्या गजरा माळायला हात वर केला. पात्याची बोटांवर अशी सणसणीत बसली की दोन नखं काळी झाली. बायकांनी विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, "खलबत्त्यात सापडली." घरात एवढा नवा पंखा आलाय, त्याला नाव कशाला ठेवायचं! स्वतःची बोटं सुजलेली, आणि बाई पंख्याची अब्रू सांभाळत होत्या. आज ती पोरगी समोर आली तर तिच्या त्याच बोटांवर मी अजून एक फटका मारीन.

तर पंखा. मुलगा आणि नातू नेरूळला दुकानात निघाले तेव्हा मी चपला घालून आधीच रिक्षात जाऊन बसले होते.

"आई, तू कशाला? दमशील," मुलगा म्हणाला.

"बसायला दमत नाही मी. चल."

दुकानात छतभर पंखे टांगलेले, आणि ते छत आमच्या दोन्ही मजल्यांना मिळून पुरून उरेल एवढं उंच. अशा ठिकाणी कुठलाही पंखा छानच दिसतो. मुलाने आत शिरल्या शिरल्या बोट दाखवलं. चॉकलेटी रंगाचा, पात्यांना सोनेरी पट्टी, पोटात दिवा, वर रिमोट.

"हा बुटक्या छताला चालतो का?" मी विचारलं.

दुकानदार म्हणाला, "दांडा छोटा करून देऊ ना आजी."

"छोटा केला तरी पातं माझ्या हाताला लागेल."

"हाताला कशाला लागेल? माणूस डोक्याने चालतो का हातांनी?" असं म्हणून तो हसला. मुलगाही हसला.

मी आंबाड्याचा आकडा काढला. पांढरे का असेनात, केस मोकळे सोडले, आणि भर दुकानात दोन्ही हात डोक्यावर नेऊन पुन्हा आंबाडा घालायला लागले.

"आई! लोक बघतायत!"

"बघू देत. तुम्हीपण बघा हो, दुकानदार. बायका असे केस बांधतात. दिवसातून दोनदा तरी. पुरुषाचं माप टाळूशी संपतं, बाईचं इथवर येतं." मी बोटं हलवून दाखवली. "या मापाचा पंखा द्या."

दुकानदाराचं हसू जरा आखडलं. त्याने छताला चिकटून बसणारा एक बिनदांड्याचा पंखा काढला. स्लॅबला इतका जवळ, की वारा नीट खाली येणार नाही, हे त्यानेच कबूल केलं. आणि मुलीची उंची ऐकल्यावर म्हणाला, हासुद्धा लागेल. "मग वॉल फॅन घ्या. भिंतीवर दोन. डोक्यावर काहीच नको."

"वॉल फॅन?" मुलगा भडकला. "नवीन लग्न झालेल्यांच्या खोलीत? सलून आहे का ते? पाहुणे वर खोली बघायला येतील, काय म्हणतील?"

"पाहुणे तासभर येतील. ती तिथे राहणार आहे."

"मग वाकेल थोडी! आपल्या घरात सगळेच वाकलेत."

"सगळे म्हणजे कोण? एकाचं नाव सांग."

तो काय सांगणार? सोनेरी पट्टी बघत राहिला. मग नातू मध्ये पडला. एरवी माझा लाडका, त्या दिवशी नाही.

"आजी, तू टेन्शन नको घेऊस. ती ॲडजस्ट करेल. मी बोललोय तिच्याशी."

"तू कुठे काय ॲडजस्ट करतोयस, ते सांग आधी."

"मी काय करू? माझं डोकं लागतच नाही."

सोनेरी पट्टीचा पंखा रिक्षात आमच्याबरोबर घरी आला. मी त्या खोक्याकडे पाठ करून बसले. दुसऱ्याच दिवशी तो माळ्यावर लागलासुद्धा.

पुढच्या रविवारी ती मुलगी खोलीचा रंग ठरवायला आली. सगळे वर. मुलगा रिमोट हातात घेऊन दिवा लावून दाखवतोय, विझवून दाखवतोय. ती जिना चढून आली, पंख्याकडे एकदा बघितलं, आणि त्याच्या खालून जाताना मान खाली घातली. डोकं लागत नव्हतं तिचं. तरी घातली.

"छान आहे," ती म्हणाली.

"पंखा बंद कर," मी मुलाला सांगितलं. "पूर्ण थांबू दे. आता तू हात वर कर गं."

"आजी, राहू दे ना."

"कर म्हणते ना."

तिने हळूच हात वर केले. बोटं पात्यांच्या पार गेली. तिने पटकन हात खाली घेतले आणि हसली, पाहुण्याघरी माणसं हसतात तसं. "एवढं काय त्यात, आजी! चालेल मला. मी बसून करीन केस."

बसून करीन.

दुकानात आला तो राग राग नव्हताच. खरा आता आला. मुलावर नाही, नातवावर नाही, त्या पोरीवर. मी इथे म्हातारपणी दुकानात केस सोडून उभी राहिले, आणि ही शिकलेली, महिन्याला कमावणारी घोडी म्हणते बसून करीन!

"कुणी सांगितलं तुला बसायला?" मी ओरडलेच. "तुझ्या आईने? या टोणग्याने? लाज नाही वाटत? एवढी उंची देवाने दिली ती काय घडी घालून कपाटात ठेवायला?"

"आई, अहो पाहुणी आहे ती!" सून कळवळली.

"पाहुणी असेल तर खाली बसून चहा पिऊन जाईल. इथे राहायची असेल तर उभी राहील."

मुलीचे डोळे भरले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी तशीच खाली उतरले आणि दारातून पलीकडच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला हाक मारली. तो शिडी घेऊन आला. मी त्याला वर नेलं आणि म्हटलं, "हा काढ."

"आई, माझ्या पैशाचा पंखा आहे तो!"

"म्हणून तर खोक्यात नीट भरून देणार आहे तुला. तुझ्या खोलीत लाव, मजेत झोप त्याच्याखाली. तुला जागा भरपूर आहे."

"स्लॅब मी घातलाय."

"आणि घर माझ्या नावावर आहे. काढ रे तू."

तो बिचारा एकदा मुलाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. शेवटी शिडीवर चढला. दांड्यावरची वाटी सुटली, वायरी सुटल्या, सोनेरी पट्ट्या एकेक करून गादीवर आल्या. वैशाखातली दुपार, सहा माणसं त्या बुटक्या खोलीत, वाऱ्याची झुळूक नाही. सगळ्यांच्या मानेवरून घाम ओघळतोय. नातू वर्तमानपत्राने तिला वारा घालायला लागला. मी बघितल्यावर मलाही दोनदा घातला.

"आता भिंतीवरचे दोन आण," मी मुलाला सांगितलं. "एक इथे उशाशी लागेल. दुसरा समोर."

मुलगा पाय आपटत जिन्यापर्यंत गेला होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"उशाशी नको."

मी वळले. ती मुलगी. डोळे अजून लाल होते.

"काय म्हणालीस?"

"उशाशी नको, आजी. डोक्यावर वारा आला की माझं डोकं धरतं. एकच पुरे. त्या खिडकीशेजारी लावा."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी पंखा काढायला लावला, मी घरादाराशी भांडले, आणि ही मला जागा शिकवणार? "अजून उंबरा ओलांडला नाहीस आणि..." एवढं तोंडातून गेलं, आणि तो आवाज ऐकून मीच चपापले. हुबेहूब सासूबाई. फक्त बोली तेवढी सुधारलेली. वाक्य तिथेच गिळलं. मग मी वाट बघितली, ही आता मान खाली घालेल म्हणून. घातली नाही. माझ्यापेक्षा वीतभर उंचीवरून सरळ माझ्याकडे बघत उभी राहिली.

"खिडकीतून पावसाचं पाणी येतं तिथे," मी म्हटलं.

"मग मी खिडकी लावीन."

"आणि विसरलीस तर?"

"तर पंखा माझाच खराब होईल ना, आजी."

मुलगा जिन्यावरून माझ्याकडे बघत होता, मी काय म्हणते म्हणून. "एकच आण," मी म्हटलं. तो जाऊन पंखा घेऊन आला.

खिडकीशेजारीच लावलाय. चुकीची जागा आहे. पावसाळ्यात पाणी आत येणारच, मी या घरात जन्म काढलाय, मला माहीत आहे. काल फोनवर पुन्हा सांगून बघितलं, लग्नाआधी हलवून घेऊ या म्हणून. ऐकत नाही कार्टी.