बावीस सुईणींसाठी खोल्या बघायला: सातारा, कराड, सांगली

औंधहून साताऱ्याची एसटी सकाळी सव्वासहाला सुटायची. ती चुकली की थेट दुपारची. म्हणून आम्ही दोघी साडेपाचलाच येऊन बसलो होतो. मी, औंधजवळच्या एका खेड्यातल्या दवाखान्याची नर्स, वय तेवीस, पायात नव्या चपला (हा मूर्खपणा लांबच्या प्रवासात कधीही करू नका). आणि शेजारी तानूमावशी. आमच्या भागातली सगळ्यात जुनी सुईण, वय तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्याकडे बाळाची नाळ विळ्याने कापायचे आणि वर चुलीतली राख लावायचे. आठव्या-दहाव्या दिवशी बाळाचा जबडा बसायचा, अंग ताठ व्हायचं, आणि संपलं. धनुर्वाताने गेलेली अशी तीन बाळं मी माझ्या हातात धरली होती. पातं उकळून घ्या, एवढं एक गावोगावच्या सुईणींना शिकवलं तरी पुष्कळ, असं मला वाटायचं. एक लेडी डॉक्टर तीन दिवस शिकवायला तयार झाल्या. आरोग्य खात्याची कचेरी म्हणाली, सातारा, कराड, सांगली, जिथे बावीस बायकांची राहायची सोय होईल तिथे शिबिर घ्या. सोय बघायची कोणी? अर्थातच मी.

तानूमावशी बरोबर का? कारण बाकीच्या एकवीस जणींनी निरोप धाडला होता की तानूमावशी जागा बघून आली तरच आम्ही येणार. माहेर सोडून दुसरीकडे मुक्काम केलेला नव्हता त्यातल्या बहुतेकींनी. घरचे पुरुषही तिच्याच शब्दावर सोडणार होते. तेव्हा सगळं शिबिर तिच्या एका होकारावर होतं, आणि हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

रहिमतपूरमार्गे साताऱ्याला पोचेपर्यंत ऊन चढलं. चैत्र होता. स्टँडबाहेर पावशेर पेढे घेतले, त्यातला एक मावशीने खाल्ला आणि बाकीचे पदराला बांधले. पहिल्या लॉजवर मालकाने माझ्याकडे न बघता विचारलं, "बरोबर पुरुष माणूस कोण?"

"कोणी नाही. बायकांचं शिबिर आहे."

"मग जमणार नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

काय होणार होतं, ते त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मालक बरा वाटला, रजिस्टर उघडलं, टाकही बुडवला. मग 'सुईणी' हा शब्द ऐकला आणि टाक पुसून ठेवला. त्याच्याकडे लग्नाची वऱ्हाडं उतरत, बाळंतपणं करणाऱ्या बायका तिथे राहून गेल्या हे कळलं तर गिऱ्हाईक तुटेल म्हणे. मला राग आला. मावशी मात्र जिना उतरताना हसत होती. "आवं, ह्यो काय झाडाला लागला हुता का?" रात्री ओळखीच्या नर्सच्या खोलीवर पथारी टाकली.

दुसऱ्या दिवशी कराड. स्टँडसमोर गरम भजी आणि पाव खाल्ला, तिथली चटणी घाम काढणारी होती. लॉजवाला आनंदाने तयार झाला, दर माणशी सव्वा रुपया, तोही कमी करायला राजी. मी खाटा मोजत होते. मावशी मागे गेली आणि लगेच परत आली.

"बाई, नळ येकच हाय. न्हाणीला दार न्हाई, गोणपाट लावलंय. बावीस बायका आंघूळ कवा करायच्या?"

खाटांच्या नादात मी हे बघितलंच नसतं. आज घाऊक खोल्या घेणाऱ्यांना मी हेच सांगते, आधी न्हाणीघरं मोजा, मग खाटा. फोटोत खाटाच दाखवतात.

कराडहून इस्लामपूर, आष्टा करत सांगलीला पोचलो तेव्हा माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि टाचेला फोड आला होता. एका ओळखीच्या दाईच्या क्वार्टरवर मुक्काम केला. तिसऱ्या दिवशी सकाळपासून दोन लॉज झाले. तीच दोन उत्तरं, फक्त सांगायची तऱ्हा वेगळी. आता मला कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं. कुठेतरी बसावं आणि कुणीतरी 'हो' म्हणावं, एवढंच वाटत होतं.

बाजारपेठेजवळचा तो शेवटचा लॉज. रस्त्यावर हळदीचा वास इतका की डोळे चुरचुरत. मालक मध्यमवयाचे, पांढरी टोपी, बोलणं अगदी मऊ. बसा म्हणाले. चहा मागवला. तीन दिवसांत आम्हाला 'बसा' म्हणणारे हे पहिलेच. वरच्या मजल्यावर सहा खोल्या, दोन न्हाणीघरं, दोन्हींना कड्या, अंगणात हौद. बरोबर पुरुष नाही, चालेल. सुईणी आहेत, चालेल. "पुण्याचं काम आहे हो," म्हणाले. मावशी न्हाणी बघायला आत गेली. माझे खांदे सैल पडले.

"यादी असेल ना?" त्यांनी विचारलं.

मी यादी दिली. नाव, गाव, वय, जात, असे चार रकाने. कचेरीचा नमुनाच तसा. त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं आणि चार ठिकाणी थांबलं. त्या चौघींच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता. पहिलं नाव तानूमावशीचं होतं.

"या चौघी खाली," ते त्याच मऊ आवाजात म्हणाले. "मागे एक खोली आहे. पाण्याची सोयही तिकडे निराळी आहे. माझं स्वतःचं काही नाही हो. पण धंदा आहे. बाकी सगळं तुमच्या मनासारखं."

माझ्या हातात चहाचा कप होता. टाच ठणकत होती.

मी म्हणाले, "चालेल."

मावशी आली. "न्हाणी चांगली हाय," एवढंच म्हणाली. मी मालकांना तारखा दिल्या, त्यांनी लिहून घेतल्या. रस्त्यावर आल्यावर मी भडंग घेतलं आणि तिच्यापुढे पुडा धरला. तिने मान हलवली. मला वाटलं, दमली असेल.

तासगावमार्गे विट्याची गाडी. रस्ता खडबडीत, दोन्ही बाजूंना उघडी माळरानं, मधेच एखादा मेंढरांचा कळप आडवा आला की ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसायचा. एरवी मावशी खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक गावातली बाळंतपणं सांगत बसायची. त्या दिवशी खिडकीची जागा तिने मला दिली आणि स्वतः कडेला बसली. विट्याच्या स्टँडवर पुसेसावळीच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलली.

"बाई, ती मागची खोली मी बघून आले. हळदीची पोती हायत तिथं. खिडकी न्हाई."

ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती आणि मला कळलंच नव्हतं.

"मावशी, तीन दिवस झाले. मी फार दमले होते गं."

"व्हय," ती म्हणाली. "मी बी दमले हुते."

गाडी आली. चढताना ती एवढंच म्हणाली, "पोर अडलं की म्होरल्या दारानं नेत्यात मला, बाई. कुणाच्या बी घरी. बाकीच्या बायकांस्नी मी जागा बघितलीच न्हाई म्हणून सांगंन."

घरी आल्यावर दोन दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. बावीस जणींचं भलं होत असेल तर चौघींनी तीन रात्री सोसायला काय हरकत आहे, असंही मनात आलं. सोसणाऱ्यांत माझं नाव नव्हतं, म्हणून ते इतक्या सहज मनात आलं. माझं आडनाव वरच्या मजल्यावर चालणारं होतं. याची मला आजही लाज वाटते.

मग मी एकटीच परत सांगलीला गेले. लॉजच्या मालकांना सांगितलं, खोल्या नकोत. त्यांना खरंच वाईट वाटलं, त्यांनी पुन्हा चहा विचारला. मी घेतला नाही. दिवसभर फिरून एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई भेटल्या. सुट्टी लागली होती. त्यांनी यादी मागितली नाही. एक मोठा हॉल दिला, आवारात विहीर, जमिनीवर सतरंज्या, भाडं नाही. खाट एकही नव्हती, पण खोल्याच नव्हत्या, त्यामुळे मागची खोलीही नव्हती.

या सगळ्यात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मी तानूमावशीच्या घरी गेले. ती अंगणात वाकळ उन्हात टाकत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, लॉज सोडला, एकच हॉल आहे, सगळ्या एकत्र, पाणी एकच. तिने वाकळीची टोकं सारखी केली.

"येते," ती म्हणाली. "पोरांच्या नाळंसाठी येते. समद्यांस्नी घिऊन येते. पर झोपायची जागा माझी मी बघीन."

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी जायला वळले.

"बाई," तिने मागून हाक मारली. आवाजात राग नव्हता, तो असता तर सोपं गेलं असतं. "न्हाई म्हणायला तुमास्नी आठ दिस लागलं. व्हय म्हणायला किती येळ लागला हुता, त्ये मी बघितलंय."

शिबिर झालं. मावशीने हॉलच्या बरोबर मधोमध वाकळ अंथरली आणि एकवीस जणी तिच्या भोवतीने झोपल्या, धनगरवाड्यावरच्या दोघी तर तिच्या अगदी पायाशी. पातं उकळायला सगळ्या शिकल्या. कचेरीने माझं कौतुक केलं. मावशी पुढे चार वर्षं, माझी बदली होईपर्यंत, दवाखान्यात येत राहिली. मला एका शब्दाने कधी टोचून बोलली नाही. एसटीत मात्र परत कधी माझ्या शेजारी बसली नाही.

व्हय म्हणायला किती वेळ लागला होता, ते मलाही माहीत आहे. हातातला कप बशीत ठेवायचीसुद्धा मी वाट बघितली नव्हती.