धाकटी बोलायला लागली

माझी धाकटी बहीण साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऐकायची सगळं. तांब्या आण म्हटलं की आणायची. बाबा तलावावरून आले की त्यांच्या खांद्यावरचं ओलं जाळं ओढायला धावायची, आणि हसायचीही खळखळून. पण तोंडातून शब्द नाही. काही हवं असलं की माझं बोट धरून त्या वस्तूपाशी नेऊन उभी करायची.

आमचं गाव धानोऱ्याच्या वाटेवर, जंगलाला लागून. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. आम्ही ढिवर. बाबा गावच्या तलावात मासे धरायचे. माय झिंगे वाळवून बाजारात न्यायची, आणि रोवणीच्या दिवसांत लोकांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान लावायला जायची. मी नऊ वर्षांची होते, तिसरीत. घरात शाळेचं तोंड पाहिलेली मी पहिलीच.

धाकटीसाठी उपाय सगळे झाले. आत्याने वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावलं, तिने ते थुंकून टाकलं. देवाला कोंबडं कबूल झालं. एकदा आत्या तिच्यासमोरच म्हणाली, "मुकी हाये हे पोट्टी. आता उगाच आस नोको लावू."

आत्या गेल्यावर मायने मला जवळ ओढून हळूच विचारलं, "तुयासंग तरी बोलते का वं? मले सांग. मी कोनाले नाई सांगत."

मी नाही म्हणून मान हलवली. बोलत असती तर मी सगळ्या गावाला ओरडून सांगितलं असतं.

त्या वर्षी रोवणी सुरू झाली तेव्हा धाकटीला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. आदल्या वर्षी माय तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवायची, पण पावसात भिजून तिला ताप भरला होता. मी शाळेत जायचे. तेव्हा शेजारची गोंड बाई कुंपणावरून म्हणाली, "ठेव माझ्याजवळ. माझ्या कोंबड्या हायेत, तुझी पोरगी पन राहीन."

ही बाई मायहून बरीच मोठी होती. आमच्याशी तोडकंमोडकं मराठी बोलायची, घरात गोंडी. आमच्यात येणंजाणं होतं ते मीठमिरचीपुरतं. त्या दिवसापासून धाकटी सकाळी तिच्याकडे जाऊ लागली आणि अंधार पडायच्या आत माय तिला घरी आणू लागली.

पंधरा दिवस झाले असतील. संध्याकाळी मायने धाकटीपुढे भात आणि मरळीचा रस्सा वाढला. आमचा पिवळा कुत्रा नेहमीप्रमाणे दाराशी येऊन उभा राहिला. धाकटीने हात लांब केला आणि स्पष्ट म्हणाली, "नै."

मायच्या हातातला डाव खाली पडला. "बोलली! बोलली वं पोट्टी!"

आमच्याकडे नाहीला नाई म्हणतात, आणि लहान तोंडातून ते नैच निघायचं. बाबा हसले. "पयलाच शब्द नाई? मायवरच गेली."

"नोको का वं तुले?" मायने विचारलं.

धाकटी पुन्हा म्हणाली, "नै."

मायने ताट बाजूला केलं. तशी धाकटीने भोकाड पसरलं. माय घाबरून ताट पुढे करायची, कुत्रा पुढे सरकायचा, धाकटी पुन्हा नै म्हणायची. असं तीन-चार दिवस चाललं. आत्याच्या कानावर गेलं. ती म्हणाली, पहिला शब्द नाई निघाला, हे लक्षण बरं नाही. मायच्या मनाने वेगळंच घेतलं. एका संध्याकाळी चूल फुंकता फुंकता ती थांबली आणि म्हणाली, "मी दिवसभर सोडून जातो ना तिले. म्हनून माह्या हातचं खात नाई. रुसली ते."

मी धाकटीला मांडीवर घेऊन भरवलं, आणि ती सगळं जेवली. माझ्या हातून जेवली हे पाहून मायचा चेहरा आणखीच उतरला.

त्यानंतर दोन दिवसांनी गुरुजींना हिवताप आला आणि शाळा लवकर सुटली. मी परस्पर शेजारी गेले. कुंपणाशी पोचले तर आतून बारीक आवाज येत होता. मला वाटलं, पाहुण्यांचं पोर आलं असेल. फटीतून पाहिलं. धाकटी अंगणात उकिडवी बसून कोंबडीमागे बोट नाचवत होती. "कोर! कोर!" मग मडक्याकडे बोट. "येर." बाईने तिला पाणी पाजलं. सुपात वाळत घातलेल्या माशांना हात लावून ती म्हणाली, "मीन." तेवढ्यात माझ्यामागून आमचा कुत्रा कुंपणाखालून आत घुसला. धाकटी टाळ्या वाजवत ओरडली, "नै! नै!"

मी तिथेच उभी राहिले.

"बाई," मी आत जाऊन विचारलं, "हे बोलते?"

"बोलते ना," बाई म्हणाली. "दिवसभर बोलते. काऊन, घरी नाई बोलत?"

"आनि नै म्हंजे काय?"

बाईने कुत्र्याकडे हात केला.

मी धाकटीला तिथेच सोडून बांधीकडे पळत सुटले. माय गुडघाभर चिखलात वाकलेली होती. मी धुऱ्यावरूनच ओरडले, "माय, ते नाई नाई म्हनत! ते कुत्रा म्हनते! गोंडीत!"

बायकांची रांग थांबली. मायने मला दोनदा सांगायला लावलं. मग ती रोपांची जुडी हातात तशीच धरून धुऱ्यावर येऊन बसली. आधी हसली. हसता हसता रडायला लागली. चिखलाच्या हाताने डोळे पुसल्यामुळे तिचं तोंड सगळं माखलं. एक बाई म्हणाली, "अवं, रडतेस काऊन? पोट्टी बोलून राह्यली ना!"

"बोलून राह्यली," माय म्हणाली, "पन मलेच समजलं नाई."

घरी आत्याचं म्हणणं पडलं की आता तिकडे पाठवणं बंद करा, नाहीतर आपली भाषा येणारच नाही. बाबांनी मायकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी माय धाकटीला कडेवर घेऊन स्वतः बाईकडे गेली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. "मले पन सांग," ती म्हणाली. "हे काय काय म्हनते ते सगळं सांग." बाई एकेक शब्द सांगत गेली. माय तो पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्या दिवशी ती रोवणीला उशिरा पोचली आणि तिने मालकिणीची बोलणी खाल्ली.

मग संध्याकाळी घरात नवीनच खेळ सुरू झाला. धाकटी येर म्हणायची, माय म्हणायची, "येर. पानी." धाकटी तिच्या ओठांकडे टक लावून पाहायची. दिवाळीपर्यंत ती दोन्ही शब्द म्हणू लागली होती, आणि थंडी पडली तशी सबंध वाक्यं. कधी अर्धं वाक्य आमचं, अर्धं बाईचं. आत्याने कबूल केलेलं कोंबडं देवाला दिलं. श्रेय कोणाचं यावर वाद झाला नाही.

पुढच्या वर्षी मी तिला अक्षरं शिकवायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. मला गुरुजी व्हायची हौस होती, आणि ऐकायला हक्काची एकच विद्यार्थिनी. माझी फुटकी पाटी, पेन्सिलीचा बोटाएवढा तुकडा आणि पहिलीचं जुनं पुस्तक. मी पुस्तकावर बोट ठेवून म्हणायचे, "क कमळाचा." ती म्हणायची, "क कोरचा." मी म्हणायचे, "म मगरीचा." ती म्हणायची, "म मीनचा."

"पुस्तकात आहे तसं म्हन," मी दटावायचे. ती एकदा म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर.

एके दिवशी आम्ही य वर आलो. पुस्तकात य यज्ञाचा होता. चित्रात काही दाढीवाली माणसं जाळाभोवती बसली होती. यज्ञ म्हणजे काय ते मलाही ठाऊक नव्हतं, पण ते मी तिला कशाला सांगू? मी मोठ्याने म्हटलं, "य यज्ञाचा." तिने चित्र पाहिलं, विचार केला आणि आनंदाने म्हणाली, "य येरचा!"

"येथी आग दिसून राह्यली आनि तू पानी म्हनतेस?" मी ओरडले, आणि तिच्या गालावर एक चापट मारली.

ती रडली नाही. पाटी खाली ठेवून उठली आणि बाबांच्या जाळ्यामागे जाऊन बसली. त्या दिवशी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईकडे गेली तर तिथेही गप्प. तिसऱ्या दिवशी तिने माझं बोट धरून मला पाण्याच्या मडक्यापाशी नेऊन उभं केलं, अगदी पूर्वीसारखं. माय सारखी विचारत होती, "काय झालं हिले? कोनी भेवाडलं का?" मी मान खाली घालून भात कालवत होते.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. बाबा अंगणात जाळ्याची फाटलेली घरं विणत बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, आता मलाही एक बसेल. बाबांनी सुई थांबवली नाही.

"मले तं अक्षर येत नाई," ते म्हणाले. "तूच सांग. येर म्हनलं तं कोनतं अक्षर येते?"

"य."

"आनि पुस्तकात कोनतं हाये?"

"य."

"मंग मारलं कायले?"

पुढचं घर विणायला घेत बाबा म्हणाले, "पोरगी चार वर्सानं बोलली. तिचं तोंड बंद करू नोको, बाई."

शिकवणाऱ्या बाईंना म्हणतात तसं बाबा मला बाई म्हणाले ते त्या एकदाच. मार बसला असता तर बरं, असं मला वाटलं.

दुकानातून मिठाच्या, गुळाच्या पुड्या यायच्या. त्यांचे कागद मी गोळा केले, तांब्याने दाबून सरळ केले. मायने जाळ्याच्या दोऱ्याने ते एका बाजूला शिवून दिले. कोळशाने मी पहिल्या पानावर कोंबडी काढली आणि खाली मोठा क. कोंबडी कोंबडीसारखी दिसत नव्हती. म्हणून तुरा मोठा काढला. दुसऱ्या पानावर मासा आणि म, तिसऱ्यावर कुत्रा आणि न, चौथ्यावर मडकं आणि य. ते घेऊन मी जाळ्यामागे तिच्याशेजारी जाऊन बसले आणि पहिलं पान उघडलं.

तिने बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. जपून, हळू आवाजात म्हणाली, "कोंबडी."

मला खूश करायला ती माझा शब्द म्हणत होती. मला रडू आलं. "नाई," मी म्हटलं, "कोर."

"कोर?" तिने विचारलं.

"कोर. क कोरचा."

ती हसायला लागली. मग आम्ही सगळी पानं म्हटली, दोन्ही भाषांत. शेवटी तिने मला विचारलं, यज्ञाचं चित्र का नाही काढलं? मी खरं सांगितलं की तो काय असतो ते मला माहीत नाही. ती म्हणाली, "गुरुजीले इचारू."

ण ने मात्र आम्हा सगळ्यांना घाम फोडला. आमच्या बोलण्यात ण नाहीच. पुस्तकात पाणी, घरात पानी. गुरुजींनी मला ण साठी किती वेळा उभं केलं होतं! मी तिला जीभ वर वळवायला शिकवत होते. स्वयंपाक करता करता मायनेही जीभ वळवून पाहिली, बाबांनीही पाहिली. चौघंही तोंडं वाकडी करून "णणण" करत होतो, आणि कोणालाच धड जमत नव्हतं. माय हसून हसून पदराने तोंड झाकून बसली.

सहावं लागलं तेव्हा धाकटीला शाळेत घातलं. मी चौथी पास झाले होते. पुढची शाळा गावात नव्हती, म्हणून गुरुजींनी मला पहिलीच्या मुलांना पाढे म्हणून दाखवायला येऊ दिलं होतं. शाळा म्हणजे एकच खोली. भिंतीला टेकून टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची, पाच-सहा गोंड मुलं बसायची. गुरुजी वर्धेकडचे, त्यांचं बोलणं त्या मुलांना समजत नसे आणि ती दिवसचे दिवस तोंड उघडत नसत.

पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी धाकटीला फळ्यापाशी बोलावलं आणि य वर छडी ठेवली. धाकटी खणखणीत म्हणाली, "य येरचा."

"कशाचा?" गुरुजी म्हणाले.

भिंतीकडून हसू फुटलं. त्या मुलांना शाळेत हसताना मी प्रथमच ऐकलं. एक जण उभाच राहिला आणि म्हणाला, "येर म्हंजे पानी, गुरुजी!"

गुरुजींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे, मग माझ्याकडे. "हे कोणी शिकवलं?"

मी उभी राहिले. "मी," मी म्हटलं.

गुरुजी रागावले नाहीत, पण खूशही झाले नाहीत. "परीक्षेत पुस्तकातलंच चालतं, हे तिला सांग," ते म्हणाले. मग छडी टेबलावर ठेवून त्यांनी त्या मुलालाच विचारलं, "बरं, झाडाला काय म्हणता तुम्ही?" तो मुलगा सांगायला लागला तसे बाकीचेही एकदम सांगायला लागले. शाळा सुटेपर्यंत गुरुजी तेच ऐकत राहिले आणि पाढे राहून गेले.

पुढच्या सोमवारी टोल्यावरून दोन मुली आल्या. तोवर तिथून एकही मुलगी शाळेत आली नव्हती. दोघी दाराबाहेर एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. गुरुजींनी दोनदा आत बोलावलं, मीही बोलावलं. त्या हलेनात. धाकटी गुरुजींना न विचारताच उठली, दाराशी गेली आणि त्यांच्याशी भराभर काहीतरी बोलली. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. त्या दोघी आत आल्या आणि तिच्या दोन बाजूंना बसल्या.

"काय म्हणाली ती?" गुरुजींनी मला हळूच विचारलं.

"माहीत नाई, गुरुजी," मी म्हटलं.

गुरुजींनी हजेरीपट उघडला आणि धाकटीलाच जवळ बोलावून त्या मुलींची नावं विचारायला सांगितलं.